दोघंही फाउंडर, मग शेवटचा शब्द कोणाचा?

पार्टनरशिपमध्ये धंदा करू नये असं आपल्याकडे घरोघरी सांगतात, आणि सांगणाऱ्याकडे एक तरी उदाहरण तयार असतं, मामाचं नाहीतर शेजारच्या काकांचं, ज्यात दोन जिवलग मित्र शेवटी कोर्टाच्या पायरीवर भेटले. पण जरा खोदून विचारलं की पैसे खाल्ले वगैरे प्रकार कमीच निघतात, "मला न विचारता केलं" हेच जास्त वेळा निघतं. तर हे सगळं त्या "मला न विचारता" बद्दल आहे, म्हणजे दोघा-तिघांच्या छोट्या स्टार्टअपमध्ये कुठली गोष्ट कोणी ठरवायची आणि ते आधी कसं लिहून ठेवायचं.

समजा पुण्यात दोघं मिळून हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलाचं अॅप बनवतायत. तो कोड लिहितो, ती सेक्रेटरी-खजिनदारांना भेटून अॅप विकते. कामाची वाटणी एकदम स्वच्छ. आता कोथरूडच्या २०० फ्लॅटच्या सोसायटीचे सेक्रेटरी तिला म्हणतात, मॅडम, भाड्याने दिलेल्या फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागतात, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंत, ते आपोआप बिलात आले पाहिजेत, आणि थकबाकीवर व्याज पण, ते मात्र सरळव्याज हं, चक्रवाढ लागलं तर एजीएममध्ये लोक मला फाडून खातील. ती म्हणते होऊन जाईल काका, पंधरा दिवसांत. संध्याकाळी त्याला हे कळतं आणि त्याचं डोकं फिरतं, कारण बिलिंगचा तो भाग उघडायचा म्हणजे त्याच्या हिशोबाने महिना-दीड महिना जाणार आणि तोपर्यंत बाकी सगळं बंद. ती म्हणते एवढी मोठी सोसायटी हातातून घालवू का मग. तो म्हणतो तारीख तू कशी काय दिलीस.

दोघंही बरोबर आहेत, हीच तर पंचाईत आहे. कस्टमरला काय सांगायचं हे सेल्सचं काम, कधी होईल हे सांगणं टेकचं काम, आणि हा निर्णय बरोबर दोन्हीच्या मधे पडला. त्यांनी काम वाटून घेतलं होतं, निर्णय वाटून घेतलेच नव्हते. एसटीत बघा, गाडी ड्रायव्हर चालवतो पण थांब्यावरून ती हलायची कधी हे कंडक्टरची डबल बेल ठरवते, आणि घाटात ओव्हरटेक करायचं की नाही यात कंडक्टर पडत नाही. कोण जास्त शिकलेला, कोण सीनियर, याचा तिथे संबंधच नाही, प्रत्येक निर्णयावर एकाच माणसाचं नाव आहे एवढंच.

आणि इथेच बरेच लोक चुकतात, त्यांना वाटतं आमचे शेअर ५०-५० आहेत म्हणजे प्रत्येक गोष्ट दोघांनी मिळून ठरवायची. मालकी निम्मी-निम्मी असणं वेगळं आणि प्रत्येक निर्णय निम्मा-निम्मा असणं वेगळं. दुसरं जर खरंच पाळायला गेलात ना तर लोगोच्या रंगापासून चहाच्या बिलापर्यंत सगळ्याची मीटिंग होते आणि दोन महिन्यांत दोघंही थकतात, मग न विचारता करायला लागतात, आणि तिथून पुढे मामाची गोष्ट सुरू.

तुम्ही लिहिलं नाहीत तर कायदा लिहून ठेवतो

लोकांना वाटतं आम्ही काही ठरवलं नाही म्हणजे काही ठरलेलंच नाही. असं नसतं. तुम्ही रिकामी सोडलेली जागा कायदा भरतो, आणि ती तुमच्या मनासारखी भरली जाईलच असं नाही.

साधी पार्टनरशिप फर्म असेल तर १९३२ चा कायदा. त्यात रोजच्या कामातले मतभेद पार्टनरांच्या बहुमताने सुटतात, पण धंद्याचं स्वरूपच बदलायचं असेल तर सगळ्यांचा होकार लागतो. आता दोघंच असाल तर बहुमत कुठून आणणार, एक विरुद्ध एक. वर यात प्रत्येक पार्टनर हा फर्मचा एजंट असतो, म्हणजे धंद्याच्या कामासाठी एकाने सही केली की दुसराही बांधला गेला, आणि फर्मच्या देण्यासाठी घरचे पैसेसुद्धा लागू शकतात.

एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची पार्टनरशिप, असेल तर २००८ चा कायदा, त्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये सगळं लिहून ठेवलंय. एग्रीमेंटमध्ये वेगळं काही ठरवलेलं नसेल तर प्रत्येक पार्टनरला एक मत, डोकी मोजायची, पैसे नाही. नफासुद्धा सारखा वाटायचा. म्हणजे एकाने १० लाख टाकले आणि दुसऱ्याने लाखभर, तरी मत एकेक आणि नफा निम्मा-निम्मा. आणि कामाबद्दल पगार मागता येत नाही, तोही एग्रीमेंटमध्ये लिहावा लागतो. इंटरनेटवरून उचललेलं एग्रीमेंट नाव बदलून फाइल करणाऱ्यांनी हे एकदा उघडून वाचावं.

प्रायव्हेट लिमिटेडमध्ये गंमत अजून वाढते. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे कमीत कमी दोन डायरेक्टर लागतात, आणि बोर्ड मीटिंगचा कोरम, म्हणजे मीटिंग भरायला लागणारी किमान हजेरी, एकूण डायरेक्टरांच्या एक तृतीयांश किंवा दोन, यातला जो आकडा मोठा तो. दोघंच डायरेक्टर असाल तर दोघं हजर पाहिजेतच. म्हणजे एकजण रुसून मीटिंगला आलाच नाही तर मीटिंगच होत नाही, आणि बोर्डाचा ठराव लागणारी सगळी कामं, बँकेत सही बदलण्यापासून नवीन शेअर देण्यापर्यंत, तिथेच अडकतात. व्हिडिओ कॉलवर हजर राहिलेलं चालतं, पण हजर तर राहायला पाहिजे ना.

शेअरहोल्डर म्हणून बघितलं तर साध्या ठरावाला निम्म्यापेक्षा जास्त मतं लागतात आणि स्पेशल ठरावाला विरोधातल्या मतांच्या तिप्पट, म्हणजे ७५ टक्के. कंपनीचं नाव बदलणं, आर्टिकल्स म्हणजे कंपनीची नियमावली बदलणं, हे स्पेशल ठरावाने होतं. याचा सरळ अर्थ असा की ५०-५० मध्ये कोणीच कोणाशिवाय काही करू शकत नाही. आणि ५१-४९ मध्ये? "फक्त दोन टक्क्यांचा तर फरक आहे" म्हणून मैत्रीखात्यात सोडून देतात लोक, पण त्या दोन टक्क्यांवर ५१ वाला साध्या ठरावाने ४९ वाल्याला डायरेक्टरपदावरून काढू शकतो, रीतसर नोटीस द्यावी लागते आणि त्याची बाजू मांडायची संधी द्यावी लागते हे खरं, पण काढू शकतो. शेअर राहतात, खुर्ची जाते. उलट २५ टक्क्यांपेक्षा थोडे जरी जास्त शेअर असले तरी तो माणूस स्पेशल ठराव एकटा अडवू शकतो. हे आकडे कुठेतरी चिकटवून ठेवा, ५०, ७५ आणि २५.

अजून एक बारीक गोष्ट, जी सीएकडून आलेल्या तयार आर्टिकल्समध्ये बसलेली असते आणि कोणी वाचत नाही. कायद्यासोबत टेबल एफ नावाचा नियमावलीचा नमुना येतो आणि बहुतेक छोट्या कंपन्या तोच वापरतात. त्यात बोर्डात मतं समसमान पडली तर चेअरपर्सनला जादाचं एक मत आहे. आणि चेअरपर्सन कोण हे बोर्डाने निवडायचं. आता दोघांच्या बोर्डात पहिल्या दिवशी हसत-हसत "तू हो रे चेअरमन" म्हणून ज्याला बसवलं, त्याच्याकडे नकळत शेवटचा शब्द गेला. मुद्दाम दिला असेल तर उत्तमच. पण कुणाला माहीतच नाही, हे नको.

तिसरा माणूस आणून सुटतं का

हा उपाय सगळ्यांना सुचतो, दोघांत अडलं तर तिसऱ्याने सोडवायचं. अॅपलने अगदी हेच केलं होतं. १ एप्रिल १९७६ ला करार झाला तेव्हा स्टीव्ह जॉब्ज आणि स्टीव्ह वॉझनिअॅक यांचे ४५-४५ टक्के आणि रोनाल्ड वेन नावाच्या वयाने मोठ्या सहकाऱ्याचे १० टक्के, ते यासाठी की दोघांचं जमलं नाही तर वेन कौल देतील. पण ती होती पार्टनरशिप, जॉब्ज पार्ट्ससाठी उधारी करत होते, आणि धंदा बुडाला तर देणेकरी आपल्याच घरी येणार, कारण तिघांत मालमत्ता असलेला मीच, हे वेन यांच्या लक्षात आलं. बारा दिवसांत बाहेर पडले, ८०० डॉलर घेतले. पुढे त्या १० टक्क्यांचं काय झालं असतं हे चघळायला लोकांना आवडतं, मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटते, की ज्याच्या हातात कौल दिला त्याला जोखीम आणि अधिकार यांचा मेळच बसला नाही.

आणि उलटी बाजू पण आहे. ४९-४९-२ अशी वाटणी केली की कागदावर सगळ्यात लहान दिसणारा दोन टक्केवाला खरा राजा होतो, कारण प्रत्येक वादात तो जिकडे तिकडे निकाल. मग दोघंही एकमेकांशी बोलायचं सोडून त्याला पटवत बसतात. सल्लागार जरूर ठेवा, धंद्यातली अनुभवी व्यक्ती असेल तर फारच छान, पण ठराविक अडलेल्या बाबींपुरताच तिचा कौल आणि तोही लिहून दिलेला, असं ठेवा. शेअर देऊन कायमचा पंच बसवायची घाई नको.

मग वाटायचं कसं

मला विचाराल तर छोट्या स्टार्टअपमध्ये एकच पद्धत टिकते. एकाला सीईओ म्हणायचं, खरोखर म्हणायचं, व्हिजिटिंग कार्डापुरतं नाही. प्रत्येकाचं क्षेत्र लिहायचं, त्या क्षेत्रात त्याचा शब्द शेवटचा. दोन क्षेत्रांच्या मधे पडलेलं आणि ठरलेल्या वेळात न सुटलेलं सीईओकडे जातं. आणि थोड्याच गोष्टींची एक यादी, ज्यात सीईओसुद्धा एकटा काही करू शकत नाही, दोघांची सही लागते.

एक सीईओ म्हणजे हुकूमशाही असं काहींना वाटतं. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली तेव्हा फाउंडर सात होते, सीईओ मात्र एकच, नारायण मूर्ती, आणि ते थेट २००२ पर्यंत. त्यानंतर नंदन नीलेकणी, मग क्रिस गोपालकृष्णन, मग शिबुलाल, एकेक करून. सातजणांनी मिळून सीईओगिरी केली असती तर काय झालं असतं कल्पना करा. पुण्याच्याच क्विक हीलमध्ये काटकर बंधू, कैलाश यांची सुरुवात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामातून, धंदा त्यांनी बघितला, आणि कॉम्प्युटर शिकलेल्या संजय यांनी अँटिव्हायरस बनवला आणि टेक्निकल बाजू बघितली. भाऊ असले तरी खुर्च्या वेगळ्या.

आता क्षेत्रं लिहिताना "टेक तो, सेल्स ती" एवढ्यावर थांबू नका, कारण भांडणं क्षेत्राच्या मधोमध होत नाहीत, बांधावर होतात. मागचे तीन महिने डोळ्यासमोर आणा आणि कुठे-कुठे खटके उडाले ते लिहा, तेच तुमचे बांध. आपल्या अॅपवाल्यांचे साधारण असे निघतील: कस्टमरला नवीन फीचरचं आश्वासन, डिस्काउंट, डेमोची तारीख, सपोर्टच्या पोराचा पगार, आणि एखाद्या सोसायटीने पैसे थकवले तर तिचं अकाउंट बंद करायचं की नाही. प्रत्येकापुढे एकच नाव. जसं की, अॅपमध्ये आज जे आहे ते विकताना ती राजा, डिस्काउंट २० टक्क्यांपर्यंत ती एकटी ठरवेल. जे अॅपमध्ये नाही त्याची तारीख ती देणार नाही, तो देणार, पण त्याने चोवीस तासांत द्यायची, नाही दिली तर तिने सांगितलेली तारीख त्याला मान्य आहे असं धरायचं. हे शेवटचं कलम फार महत्त्वाचं आहे. गप्प बसण्याचा अर्थ काय हे ठरलेलं नसेल तर ज्याला निर्णय नको असतो तो नुसता मेसेज सीन करून ठेवतो, आणि नकार न देताच नकार वसूल करतो.

पैशाची मर्यादा पण लिहा. आकडा प्रत्येकाचा वेगळा असणार, मी तरी महिन्याच्या खर्चाशी बांधेन. महिन्याला तीन लाख खर्च असेल तर आपापल्या क्षेत्रात १५ हजारांपर्यंत न विचारता, त्याच्या वर ५० हजारांपर्यंत आधी विचारून, आणि त्याच्या वर दोघांच्या होकारानेच. एक पळवाट आधीच बुजवा, महिन्याला ८ हजारांचं सबस्क्रिप्शन वर्षभरासाठी घेतलं तर ते ९६ हजार धरायचं, आठ नाही.

आणि दोघांच्या सहीची यादी छोटी ठेवा. नवीन शेअर कोणालाही देणं, कर्ज किंवा पर्सनल गॅरंटी, फाउंडरांचे स्वतःचे पगार, कंपनी किंवा कोड विकणं, धंद्याची दिशाच बदलणं, पहिल्या काही माणसांना घेणं-काढणं. एवढं पुरे. यादीत काय घालायचं याची माझी कसोटी सोपी आहे, हा निर्णय चुकला तर परत फिरवायला किती पैसे आणि किती दिवस लागतील. प्राइसिंग पेज उद्या बदलता येतं, दिलेले शेअर परत मिळवणं महाकठीण. पंचवीस गोष्टींची यादी झाली की समजा अजून विश्वास बसलेला नाही, आणि तो यादीने बसणार पण नाही.

रोजच्या बोलण्यातली गडबड

बरेचसे वाद खरं तर निर्णयाचे नसतातच, एकाला वाटतं मी फक्त कळवलं आणि दुसऱ्याला वाटतं मला विचारलं. व्हॉट्सअॅपवर तर विचारूच नका, "नवीन सर्व्हरवर जायचं म्हणतोय" हा निरोप आहे, प्रश्न आहे की परवानगीचा अर्ज? यावर एक साधी सवय फार उपयोगी पडते, मेसेजच्या सुरुवातीलाच लिहायचं. "सांगतोय" म्हणजे झालंय किंवा होणार आहे, तुला माहीत असावं म्हणून. "विचारतोय" म्हणजे मत दे, ठरवणार मीच. "दोघांनी ठरवायचंय" म्हणजे तुझ्या हो शिवाय पुढे जात नाही. पहिले काही दिवस हसू येतं, मग हात आपोआप तसाच टाइप करतो.

दुसऱ्याच्या क्षेत्रातला निर्णय पटला नाही तर बोलायचंच, एकदा, स्पष्ट, कारणासकट. पण त्याने ऐकूनही तेच ठरवलं तर मग ते आपलं दोघांचं. ऑफिसातल्या पोरांसमोर "मी तर आधीच नको म्हटलं होतं" हे एकदा जरी म्हणालात तरी पोरांना कळतं की एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याकडे जायचं. सुट्टी, पगारवाढ, वर्क फ्रॉम होम, सगळं मग जो हो म्हणेल त्याच्याकडे. आपल्याकडे भीड पण आडवी येते, कॉलेजचे दोस्त असले की पैशाचं आणि अधिकाराचं तोंडावर बोलायला लाज वाटते, दोस्तीत कसलं कलम असं वाटतं. म्हणूनच सगळं गोड चाललेलं असताना लिहा. भांडणाच्या आठवड्यात लिहिलेला कागद दोघंही वकिलाच्या नजरेने वाचतात.

पूर्णच अडलं तर

सीईओ ठरवूनही दोघांच्या सहीच्या यादीतली गोष्ट अडकू शकते. त्यासाठी पायऱ्या ठेवतात, आधी आठवडाभर थांबणं, मग दोघांना मान्य असलेल्या सल्लागारासमोर दोघांनी आपलं म्हणणं एकेका पानात लिहून ठेवणं (लिहायला बसलं की निम्मे वाद तिथेच विरतात असं माझं मत आहे), मग मीडिएशन, म्हणजे मध्यस्थ बसवून तोडगा काढणं. सगळ्यात शेवटी कोणीतरी बाहेर पडायचं, त्याची पद्धत. एक पद्धत अशी असते की एकजण शेअरचा भाव सांगतो आणि दुसरा ठरवतो की या भावाला विकू की विकत घेऊ. ऐकायला एकदम न्यायाचं वाटतं, पण एकाच्या मागे घरचा पैसा असेल आणि दुसरा ईएमआयवर जगत असेल तर पैसेवाला कमी भाव सांगून मोकळा होतो, कारण त्याला माहीत असतं समोरच्याकडे विकत घ्यायला आहेच काय. त्यामुळे असं कलम घालणार असाल तर भाव तिऱ्हाईत व्हॅल्युअरने काढायचा आणि पैसे हप्त्याने द्यायची सोय ठेवायची. हे काहीच नसेल तर रस्ता जातो एनसीएलटीकडे, म्हणजे कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, १० टक्के शेअर असलेला माणूस अन्यायाची तक्रार घेऊन तिथे जाऊ शकतो, पण पाच माणसांच्या कंपनीला तो खर्च आणि वेळ परवडत नाही.

किल्ल्या कोणाकडे आहेत तेही बघा

कागदावर निर्णय तिचा आणि पासवर्ड त्याच्याकडे, असं असलं की खरा मालक पासवर्डवाला. डोमेन कोणाच्या पर्सनल ईमेलवर घेतलंय, प्ले स्टोअरचं अकाउंट कोणाच्या नावावर आहे, जीएसटीचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, पेमेंट गेटवेचा अॅडमिन कोण. हे सगळं कंपनीच्या ईमेलवर आणा, आणि महत्त्वाच्या ठिकाणी दोघंही अॅडमिन. बँकेत करंट अकाउंटला एकाने पेमेंट टाकायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं अशी सोय असते, पैशाची जी मर्यादा तुम्ही लिहिली तीच तिथे सेट करून घ्या, म्हणजे रोज कोणाला कोणावर लक्ष ठेवावं लागत नाही. आणि डिजिटल सिग्नेचरचा टोकन (पेनड्राइव्हसारखा असतो तो) दोघांचाही सीएच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, तो आपापल्या ताब्यात घ्या, ती तुमची सही आहे.

लिहायचं कुठे? रोजच्या वाटणीला एक शेअर केलेलं डॉक्युमेंट पुरतं, दीड पानाचं, दर सहा महिन्यांनी उघडून बदलायचं. दोघांच्या सहीची यादी, बाहेर पडायची पद्धत, शेअर कोणाला विकता येतील, हे मात्र फाउंडर्स एग्रीमेंटमध्ये, स्टॅम्पवर. महाराष्ट्रात १०० च्या स्टॅम्पचे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले, आता कमीत कमी ५०० चा, आणि करारात काय आहे त्यावर ड्यूटी वाढू शकते म्हणून वकिलाला दाखवून घ्या. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर अजून एक काम, ही कलमं कंपनीच्या आर्टिकल्समध्ये पण घालून घ्या. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये रंगराज केसमध्ये सांगितलंय की शेअर विकण्यावरचं बंधन आर्टिकल्समध्ये नसेल तर शेअरहोल्डरांच्या आपसातल्या करारामुळे ते कंपनीला लागू होत नाही. आर्टिकल्स बदलायला ७५ टक्के लागतात, ठराव झाल्यावर तीस दिवसांत कंपनी रजिस्ट्रारकडे एमजीटी-१४ फॉर्म भरायचा असतो. कंपनी काढतानाच घातलं तर हा उपद्व्याप वाचतो.

आणि अॅपवाल्यांकडे पहिला सेल्स मॅनेजर येईल तेव्हा ते डॉक्युमेंट उघडून तिचा २० टक्के डिस्काउंटचा अधिकार त्याच्याकडे किती सरकवायचा हे त्याच दिवशी ठरवा, १० म्हणा नाहीतर १२, नाहीतर प्रत्येक सोसायटीसाठी त्याचा फोन तिला येत राहणार आणि ती मीटिंगमधून उठून आकडे सांगत बसणार.